दुकानातली धार

एकदा एक व्यापारी नदीकाठच्या एका जुन्या अन्नछत्रात पंगतीला बसला, आणि जेवायचे सोडून ताटातल्या कोशिंबिरीकडेच पाहत राहिला. काकडी इतकी बारीक चोचवलेली होती की तिचे कण जणू तांदळाची कणीच. तरीही तिला पाणी सुटले नव्हते. दाणा न् दाणा सुटा, कोरडा. व्यापाऱ्याने चौकशी केली तेव्हा कळले, की हे काम अन्नछत्राच्या वृद्ध आचाऱ्यांच्या शिष्याचे आहे.

व्यापारी पलीकडच्या तीरावर नवी धर्मशाळा बांधत होता आणि तिच्या मुदपाकखान्यासाठी चांगल्या माणसाच्या शोधात होता. आठवड्याने तो पुन्हा आला. या वेळी त्याच्या हातात एक लांबट लाकडी पेटी होती आणि पेटीत एक सुरी. धर्मशाळेचे काम देऊ करत ती त्याने शिष्यापुढे ठेवली. शिष्याने अशी सुरी आजवर पाहिली नव्हती. पाण्यावर ऊन पडावे तसे तिचे पाते झळकत होते. धर्मशाळेचा मुदपाकखाना आपल्या हाती येणार, आणि हातात ही सुरी असणार, या विचारानेच त्याला धन्य वाटले.

वृद्ध आचाऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी सुरी हातात घेतली. एक डोळा मिटून पात्याची पाठ सरळ आहे का ते पाहिले. नखाने टिचकी मारून नाद ऐकला. मुठीचे लाकूड निरखून पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेले आहे याची खात्री करून घेतली. मग सुरी बोटावर आडवी तोलली. ती हललीसुद्धा नाही.

"उत्तम सुरी आहे, शेठजी," ते म्हणाले. "निवड चोख आहे तुमची."

एवढे बोलून ते स्वयंपाकघराच्या दगडी पायरीशी वाकले आणि सुरीची धार त्यांनी पायरीवरून तीन वेळा ओढली. दाताखाली खडा यावा तसा आवाज झाला. मग त्यांनी सुरी पुसून शिष्याच्या हाती दिली. कांद्याचे सालही निघणार नाही, इतकी ती बोथट झाली होती.

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "आचारीबुवा, सुरी घ्यायची नव्हती तर तसं सांगायचं होतंत," तो म्हणाला. "मी परत नेली असती."

मग त्याने आपली अट सांगितली. येत्या सोमवारी तो पुन्हा येणार होता. याच सुरीने केलेली तशीच कोशिंबीर पानात पडली, तर शिष्य त्याच्याबरोबर जाईल. नाही पडली, तर तो दुसरा माणूस पाहील.

अण्णांनी त्यावर आणखी एक बंधन घातले. सोमवारपर्यंत शिष्याने दुसऱ्या सुरीला हात लावायचा नाही. धार लावायचा एक दगड तेवढा त्यांनी त्याच्यापुढे ठेवला आणि ते डाळ पाहायला निघून गेले.

शिष्याच्या मनाला फार लागले. पोळ्या लाटणाऱ्या गोदूबाईंनी त्या जखमेवर मीठ चोळले. "अरे, सात वर्षं राबणारा उजवा हात कुणाला सोडवतो?" त्या लाटणे न थांबवता म्हणाल्या. शिष्याने ते बोलणे वरवर झटकून टाकले, पण मनातून त्याला ते पटले. आपण जाऊ नये असेच अण्णांना वाटते, अशी त्याची खात्री झाली.

पुढचे तीन दिवस हालांत गेले. रागाच्या भरात तो पाते दगडावर खसाखसा घाशी. जितके घाशी तितकी धार गोल होत जाई. टोमॅटो कापण्याआधीच फुटत. काकडी चोचवायला घेतली की कणांऐवजी लगदा होई आणि भांड्यात वाटीभर पाणी साचे. कांद्याने तर सगळ्या स्वयंपाकघराला रडवले.

"चिरलास की बडवलास रे त्याला?" गोदूबाईंनी पदराने डोळे टिपत विचारले.

चौथ्या दिवशी तो उजाडायच्या आतच उठला. आपली फजिती कुणाला दिसू नये, म्हणून विहिरीजवळ बसून दगडाशी झटापट करावी असा त्याचा बेत होता. पण विहिरीपाशी आधीच कोणी तरी बसले होते. ते अण्णा होते. समोर ओला दगड होता, आणि शेजारच्या गोणपाटावर अन्नछत्रातल्या अकराच्या अकरा सुऱ्या ओळीने मांडलेल्या. त्यांत शिष्याची नेहमीची सुरीही होती. अण्णांचा हात दगडावरून असा जात होता, की जणू झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरतो आहे. घाई नाही, जोर नाही. मुठीपासून टोकापर्यंत सारा वेळ पात्याचा एकच कल.

शिष्य पाहतच राहिला. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "हे रोज करता?"

"सुऱ्या रोज वापरतो ना आपण."

"मला कधी दिसलं नाही, अण्णा."

"तू उठायच्या आत आटपतं."

सात वर्षे शिष्य रात्री सुरी फळीवर ठेवत होता आणि सकाळी उचलत होता. ती रोज तितकीच तेज कशी, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता.

अण्णांनी हातातली सुरी कोरडी करून बाजूला ठेवली. "शेठजींच्या पानातली काकडी तू चोचवलीस," ते म्हणाले. "हात तुझाच, त्यात शंका नाही. पण धार माझी होती. पलीकडच्या तीरावर मी नसणार. नव्या सुरीला दुकानातली धार असते, ती तुला महिनाभर सांभाळेल. मग एक दिवस काकडी चेंगरेल, तू सुरीला नावं ठेवशील, आणि शेठजी दुसरी आणतील. बाळा, धार काय, हलक्या पत्र्यालाही लावता येते. चांगली सुरी कोणती? जी धार गेल्यावर पुन्हा धार घेते. ही घेईल. नाद ऐकला म्हणून तर बेधडक धार मोडली. तिला तुझ्या हातची धार चढेल, तेव्हा ती तुझी होईल. तोवर ती दुकानदाराचीच."

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे मी तुला पहिल्याच वर्षी शिकवायला हवं होतं. नाही शिकवलं. पहाटेचं हे काम मला फार आवडतं. कुणाला द्यावंसंच वाटलं नाही. ती चूक माझी."

मग त्यांनी दगडावर पाणी शिंपडले आणि शिष्याला जवळ बसवले. पात्याच्या पाठीखाली करंगळीचे टोक जेमतेम मावेल, एवढाच कल. तो शेवटपर्यंत बदलू द्यायचा नाही. एक बाजू होत आली, की दुसऱ्या बाजूला केसाएवढी खरबरीत कड लागते. ती अंगठ्याने आडवी चाचपायची, धारेच्या दिशेने कधीही नाही. कड लागली की सुरी उलटायची. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते हलक्या हाताने फिरवायचे. लिंबू किंवा आमसूल लागले, तर पाते तिथल्या तिथे धुऊन पुसायचे आणि सुरी ओली कधी ठेवायची नाही. हे सारे सांगायला थोडकाच वेळ लागला. हाताला कळायला मात्र उरलेले सगळे दिवस लागले. जोर केला की कल ढळे, आणि राग आला की जोर होई. म्हणून आधी राग सोडावा लागला.

सोमवारी व्यापारी आला. कोशिंबीर वाढली गेली. त्याने एक घास घेतला, दुसरा घेतला, मग बोटाने कण पसरून पाहिले. पाणी सुटले नव्हते.

"तशीच झाली आहे," तो म्हणाला. "तेव्हा तू माझ्याबरोबर येतोस."

शिष्याला गप्प बसता आले असते. काम हातात आले होते. पण तो म्हणाला, "शेठजी, तशी नाही. मागच्या खेपेला तुम्ही कौतुक केलंत, त्यातलं निम्म्याहून जास्त अण्णांचं होतं. ती धार त्यांनी लावलेली होती. आजची काकडी किंचित जाड आहे. पण आजची धार माझी आहे."

व्यापाऱ्याने पुन्हा पानाकडे पाहिले, मग अण्णांकडे, मग दाराबाहेरच्या पायरीकडे. शेवटी त्याने पानातली उरलेली कोशिंबीर शेवटच्या कणापर्यंत संपवली आणि उठून अण्णांना हात जोडले. "उद्या सकाळी नाव सुटते," तो शिष्याला म्हणाला. "दगडही बरोबर घे."

व्यापारी गेल्यावर शिष्य अण्णांपाशी आला. ते रात्रीच्या जेवणासाठी लाल भोपळा घेऊन बसले होते. मान खाली घालून शिष्याने कबुली दिली, की आपल्याला जाऊ द्यायचे नाही म्हणून अण्णांनी धार मोडली, असे त्याला वाटले होते.

"जाऊ द्यायचं नव्हतंच," अण्णा म्हणाले. "ते काही तू खोटं धरलं नव्हतंस."

शिष्याने अण्णांच्या पुढचा अर्धा भोपळा आपल्याकडे ओढला, पाट घेतला आणि तो समोर बसला. अंधार पडेपर्यंत दोघे चिरत होते, आणि कुणाची सुरी कोणती, हे आवाजावरून सांगता येत नव्हते.