वळावरची हळद

ही मेटवाडीची तालीम. चपला बाहेर, पाव्हणं, आणि डोकं सांभाळून या. चौकट मुद्दाम बुटकी ठेवलीय. कोनाड्यात मारुतीसमोर ती वाटी दिसते ना, ती हळदीची. मारुतीला शेंदूर लागतो, हळद नव्हे, हे मेटवाडीलाही ठाऊक आहे. येणारा प्रत्येक शहाणा तेच सांगून जातो! ती वाटी देवासाठी नाहीच. कशासाठी, ते ऐकायचं असेल तर टेका जरा या दारातल्याच जोत्यावर.

फार मागची गोष्ट. वर गड नांदता होता आणि खिंडीची राखण मेटवाडीकडे होती. घरं थोडी, बाप्ये त्याहून थोडे. म्हणून रायाजी वस्तादांनी पोरींच्याही हातात लाठी दिली, आणि तीही पोरांच्या जोडीनं, ह्याच मातीत. पंचक्रोशीत बोंब झाली. पोरी तालमीत? मेटवाडीची अक्कल गेली कुठं चरायला? वस्ताद कुणाला बधले नाहीत, असे सांगतात. पण त्यांनीही एक नियम केलाच. समोर पोरगी असली की पोरानं हात राखून खेळायचं. लाठी फिरवायची जोरात, आणि तिच्या अंगापासून वीतभर अलीकडं थांबवायची.

साळू ही वस्तादांची भाची. बाप नाही, आई अधू पायाची. साळूची लाठी फिरू लागली की जवळ उभं राहवत नसे म्हणे. तिची जोड ठरलेली, कोंडाजी लोहाराचा जोत्या. ती त्याला रोज हरवायची आणि रोज चिडायची. जिंकून चिडणारी पोरगी कधी पाहिलीय? पण तिला कळत होतं ना, की हे जिंकणं फुकटचं आहे.

"मामा, ह्याला एकदा तरी मला खरं मारू द्या की," ती म्हणायची.

"आणि अंगावर वळ उठले म्हणजे? लग्नाची हळद काय वळांवर लावायची?" मामा हसायचे. आईसुद्धा हसायची. साळूला मेलं हसू यायचं नाही.

मग ते साल आलं. पावसाच्या आधी सगळे धडधाकट बाप्ये तटाच्या डागडुजीला गडावर गेले, आणि त्याच दिवशी भर दुपारी खालच्या खोऱ्यात धूळ उठली. पेंढारी! राखणीला मागं राहिलेल्या वस्तादांनी गाव रिकामं केलं. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, सगळ्यांना खिंडीतून गडाच्या वाटेला लावलं. ती चढण तुम्ही पाहिलीतच, धडधाकट माणसाचा ऊर फुटतो. सगळ्यांत मागं साळूची आई, काठी टेकत, दर वळणाला बसत. ती वर पोचेपर्यंत खिंड धरायची होती. खिंडीत शेजारी-शेजारी दोघंच उभे राहू शकतात. साळू आणि जोत्या पुढं झाले. वस्ताद आणि बाकीची पोरंपोरी मागं.

पहिला पेंढारी सोटा उगारून आला. साळूनं सोटा येताना नीट पाहिला, आणि ती हललीच नाही. तो वीतभर अलीकडं थांबेल म्हणून हलली नाही! तिच्या अंगाला तेवढंच ठाऊक होतं. सोटा थांबला नाही. डाव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज जोत्याला ऐकू आला म्हणे. मार म्हणजे काय, हे त्या पोरीला तिथं पहिल्यांदा कळलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. पेंढाऱ्यानं तिला गळ्याशी आवळून धरलं. तिनं कशीबशी मान वळवून पाहिलं, तर आई अजून पहिल्याच वळणावर.

जोत्या धावला खरा, पण त्याचीही तीच गत. तो लाठी फिरवी आणि साळूच्या अंगाजवळ आली की ती आपोआप थांबे. पुन्हा फिरवी, पुन्हा थांबे. रडत होता बिचारा, स्वतःच्या हाताला शिव्या घालत होता. शेवटी वस्ताद मध्ये घुसले, तर दुसऱ्या पेंढाऱ्याचा भाला त्यांच्या बरगड्यांत गेला. ते साळूच्या पायाशी पडले.

"जोत्या, हात राखू नको!" साळू किंचाळली. "माझी हाडं मोडली तर मोडू देत मेल्या, मागं आई आहे!"

जोत्यानं डोळे मिटले आणि मारलं. लाठी साळूचा खांदा सोलून पेंढाऱ्याच्या कानशिलावर बसली. तो कोसळला. मग एक हात लोंबत असताना साळू दुसऱ्या हातानं मारत राहिली, मार खात राहिली. मागची पोरंपोरी दगड फेकत होती. दर वेळी वाटे, आता संपलं. आता नाही होत. तरी ती जागची हटली नाही, असे सांगतात. उन्हं कलली तेव्हा वरून गावचे बाप्ये धावत आले आणि पेंढारी मागं फिरले.

वस्तादांची धुगधुगी तोवर शिल्लक होती. साळूच्या खांद्यावरचा वळ त्यांनी पाहिला आणि भाचीपुढं हात जोडले म्हणे. "माझंच चुकलं, पोरी. मार कसा लागतो, तेवढंच शिकवायचं राहिलं." बस्स, एवढं बोलून गेले.

त्यांना अग्नी दिल्यावर आईनं हळद कालवली. लेकीच्या मोडक्या हाताला बांधली, खांद्यावरच्या वळाला लावली, आणि हंबरडा फोडला. हात पुढं वाकडाच जुळला. लग्नाचं म्हणाल, तर कुणी म्हणतं जोत्याशी झालं, कुणी म्हणतं झालंच नाही. ह्या तालमीची वस्ताद ती झाली, यात मात्र कुणाचं दुमत नाही.

आजही मेटवाडीत पोरगी तालमीत आली की तिला जोड मिळते ती पोराचीच. लाठी उचलण्याआधी दोघं एकमेकांना सांगतात, "हात राखू नको." पोरीच्या अंगावर पहिला वळ उठला की खेळ थांबतो. तिची आई आत येते आणि ह्याच वाटीतली हळद त्या वळाला लावते. मेटवाडीच्या लेकीला पहिली हळद लागते ती इथं. काही आया रडतात. त्यांना कुणी गप्प करत नाही.

ती बघा, मातीत दंड धरून उभी आहे, ओठ चावतेय पण रडत नाहीये. तिचा आज पहिला. उठा, पाव्हणं, दार मोकळं करा. तिची आई मघापासून बाहेर उभी आहे.