जांभळीकडे ओढ घेणारं पाखरू

पाऊस उघडला होता, पण आभाळ उघडलं नव्हतं. नदीवरून वाऱ्याची मंद झुळूक वाहत होती आणि काठावरचं गवत एका बाजूला लवलं होतं. अशा दिवशी एकदा एक शिष्य स्वतःच्या हातानं बनवलेलं चार पंख्यांचं ड्रोन घेऊन नदीकाठी उभा होता. आज ते पलीकडे पोचायलाच हवं होतं.

कारणही तसंच होतं. पलीकडच्या वस्तीवर जायचा साकव पुरात वाहून गेला होता. तिथं शेजारच्या काकूंची सून वेगळी राहत होती. तिच्या लहानग्याला फिट यायच्या, आणि त्याच्या गोळ्या आज संपणार होत्या. गोळ्यांची पुडी ड्रोनला बांधून पलीकडे धाडायची, एवढाच मार्ग उरला होता.

पण ड्रोन उडालं की डावीकडे सरकायचं आणि काठावरच्या जांभळीत जाऊन अडकायचं. शिष्यानं पंखे बदलले, एक मोटर बदलली, तारा नव्यानं जोडल्या. पाखरू पुन्हा जांभळीतच.

"त्याचं सासर आहे का रे तिथं?" काकू म्हणाल्या. त्या हसायला गेल्या, पण हसू उमटलं नाही. पुडी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

"वारा ढकलतोय काकू. मी तरी काय करू?"

"वारा नि आमची सून, दोन्ही सारखेच! तिनं वेगळी चूल मांडली नसती, तर आज ही वेळ आली असती का?"

शिष्याचे वृद्ध गुरुजी दगडावर बसून हे सारं पाहत होते. ते सावकाश उठले. त्यांनी ड्रोन उचललं, त्याचं नदीकडचं तोंड गावाकडे फिरवलं आणि ते खाली ठेवलं.

"उडव."

"गुरुजी, पोर तिकडे आहे! गावाकडे तोंड करून काय उपयोग?"

"उडव तर खरं."

ड्रोन वर गेलं. या वेळी ते जांभळीपासून दूर, वाऱ्याच्या उलट सरकू लागलं. शिष्यानं घाईघाईनं ते उतरवलं.

"वारा फिरला का रे?" गुरुजींनी विचारलं.

शिष्यानं गवताकडे पाहिलं. ते अजून जांभळीकडेच लवलेलं होतं. "नाही," तो हळूच म्हणाला.

गुरुजी त्याला घरी घेऊन गेले. ज्या टेबलावर ड्रोन जोडलं होतं, त्यावर त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी डावीकडे धावलं आणि कडेवरून ठिबकू लागलं.

शिष्याचा चेहरा उतरला. "सपाट म्हणजे काय, हे मी ड्रोनला याच टेबलावर ठेवून शिकवलं होतं."

"मग त्या बिचाऱ्यानं तुझंच ऐकलं," गुरुजी म्हणाले. "कललेल्याला तू सरळ म्हणालास, ते श्रद्धेनं कलत राहिलं. बाळ, पुन्हा पुन्हा एकाच बाजूला ढळू लागलो, की वाऱ्याला बोल लावण्याआधी एकदा तोंड फिरवून पाहावं. ढळणं आपल्याबरोबर फिरलं, तर ते आपल्यातलंच. आणि आपल्यातलं निघालं तर बरंच की! वारा कुणाच्या हातात असतो?"

टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या गेल्या. पाणी जागच्या जागी थांबलं, तेव्हा ते पुसून शिष्यानं ड्रोनला सपाटी पुन्हा शिकवली.

काठावर परतले तोवर उजेड उतरला होता. काकूंनी मूठ उघडली, पुडी बांधली गेली. गढूळ पाण्याच्या ऐन मध्यावर वाऱ्याचा झोत आला, ड्रोन डगमगलं आणि काकूंनी डोळे मिटून घेतले. पण ड्रोन सावरलं आणि सरळ पुढे गेलं.

पलीकडे सुनेनं पुडी सोडवली, डोक्यावर उंच धरून दाखवली. काकूंचा हात अर्धा वर गेला, थबकला, मग पुरता वर गेला.

परतताना वाटेत काकूंनी गुरुजींचं टेबलापाशी झालेलं बोलणं शिष्याकडून ऐकून घेतलं. त्या आपल्या दारापाशी पोचल्या. मग उंबऱ्यावरून वळून म्हणाल्या, "पोरा, इतकी वर्षं मी सुनेलाच वारा म्हणत आले रे."