शेवटची पंगत

"मग टिकत का नाही माई, तेवढंच सांगा!"

मैथिली मठाच्या ओसरीवर बसली होती. बसली कसली, लाहीसारखी तडतडत होती. गेल्या महिन्यात ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तंबी दिली: वेळेवर जेव, वेळेवर झोप, नाहीतर पुढच्या खेपेला दवाखान्यात चालत येणार नाहीस.

"सकाळचा योग सुरू केला, सुटला. चालणं सुटलं. डबा नेते, तो तसाच परत येतो. मला कळत नाही असं नाही. आळशीही नाही मी. आणि कृपा करून 'आमच्या काळी' म्हणू नका."

गोदामाई त्या मठाच्या प्रमुख. आज भंडारा होता, म्हणून हातात वरणाची बादली.

"आमच्या काळी," माई म्हणाल्या, "पोरी आधी जेवायच्या, मग भांडायच्या."

"बरं, मग बसते पंगतीला."

"तू कुठे बसतेस? तू घरचीच. आधी पाहुणे."

घरचीच! मैथिलीला तो शब्द गोड लागला. ओढणी खोचून ती पाणी वाढू लागली.

पहिली पंगत उठली. दुसरी बसली. एक टेम्पो भरून माणसं आली, तिसरी बसली. प्रत्येक वेळी मैथिलीने माईंकडे पाहिलं. प्रत्येक वेळी माईंनी बादली पुढे नेली.

तिच्या पोटात आग पडली. पाण्याचा तांब्या तिने खाली ठेवला.

"माई, अहो, मला डॉक्टरांनी..."

"घरचं माणूस समजून घेतं गं."

"रोज रोज समजूनच घेत राहिलं, तर घरचं माणूस मरेल की!"

माईंनी बादली खाली ठेवली.

"बस," म्हणाल्या.

शेवटची पंगत. मैथिलीसमोर पत्रावळ आली. भाताची मूद पडणार, इतक्यात फोन वाजला.

"आमचे सर. दोनच मिनिटं, माई..." ती अर्धी उठलीसुद्धा.

माईंनी फोन तिच्या हातातून अलगद काढून घेतला. शेजारी दुसरी पत्रावळ मांडली. तिच्यावर फोन ठेवला आणि त्याच्यासमोर भाताची मूद वाढली.

"अहो, हे काय!"

"पाहुणा दिसतोय. किती भुकेलाय बघ, सारखा हाका मारतोय."

पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. मैथिलीचे कान लाल झाले. फोन पत्रावळीवर थरथरत होता, भाताची शितं हलत होती.

मग तो गप्प झाला.



"आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर?" मैथिलीने विचारलं. आवाज मघासारखा चढला नव्हता.

माईंनी बादली तिरकी करून दाखवली. तळाशी एक ओगराळंभर वरण. त्यांनी ते उचललं, दोन पत्रावळींच्या मधोमध धरलं.

फोन पुन्हा वाजू लागला.

"एवढंच उरलंय, बाळ. लवकर सांग, घरच्याला वाढू की पाहुण्याला?"