नऊ नंबरची ऑफसाइड

कोल्हापुरात मुलींच्या शालेय फुटबॉलची फायनल होती आणि पंच होते सरनोबत सर. नियमांचं पुस्तक कायम त्यांच्या खिशात असायचं, पण त्यांनी ते उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

कर्णधार शिवांजलीच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. तिच्या संघानं गोल केला की सर आधी मांडवाकडे बघायचे आणि मग शिट्टी मारायचे. मांडवात समोरच्या शाळेचे चेअरमन बसले होते. असे दोन गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले. वाद घातला म्हणून नऊ नंबरच्या तमन्नाला रेड कार्ड मिळालं.

शेवटच्या मिनिटाला धनश्रीनं तिसरा गोल मारला. सरांची मान मांडवाकडे वळली आणि शिट्टी वाजली. "ऑफसाइड!"

मुली खवळल्या. शिवांजलीनं त्यांना थांबवलं आणि गरीब चेहरा करून विचारलं, "आमची नऊ नंबर पुढं उभी होती, म्हणून दिलं का ओ सर?"

"मग! चांगली दोन हात पुढं होती. या डोळ्यांनी बघितलंय मी. मला नियम शिकवतीस काय?"

"छे ओ सर! फक्त ते पुस्तक जरा काढा. तुम्ही रेड कार्ड दिलेली पोरगी शाळेच्या बसमध्ये बसून ऑफसाइड कशी होते, तेवढं वाचून दाखवा."

सगळं मैदान बसकडे वळलं. खिडकीतून तमन्ना हात हलवत होती.

सरांनी सवयीनं मांडवाकडे बघितलं, तर चेअरमन खाली वाकून बुटाची लेस बांधत होते. मग त्या दिवशी पहिल्यांदाच सरांनी मांडवाला न विचारता गोल दिला.