सात आसरा राजवाड्यात उतरतात

एका राज्यात दर पावसाळ्यात राजा छतावर बसे आणि पाणी सिंहासनावर. राजाचं नाव रत्नकेतू. नगरीच्या मधोमध पूर्वी एक तळं होतं. ते बुजवून त्याने सात मजली राजवाडा बांधला होता.

त्या तळ्यात सात आसरा राहत, पाण्याच्या सात बहिणी. तळं गेलं आणि त्या उघड्यावर आल्या. पाऊस लागला की ओल्या केसांनी, गाठोडी घेऊन त्या राजवाड्यात शिरत, आणि त्यांच्या मागोमाग पाणी शिरे. एक राणीच्या पलंगावर लवंडे, दुसरी मुदपाकखान्यात भांडी उघडून बघे, थोरली थेट सिंहासनावर मांडी घाली.

यंदा पाणी कमरेला लागलं. राजाने दरबारी मांत्रिक धूम्रनाथाला बोलावलं. धूम्रनाथाने तांदूळ फेकले आणि गरजला, "थांब!"

पाणी थांबलं. पाऊस उघडला तरी ते तिथेच थांबलेलं!

राजाने थोरलीपुढे हात जोडले. "माते, मुक्काम किती?"

"आमचं घर परत मिळेतो तुझं घर ते आमचं. हाच तुला शाप."

"उतारा?"

"तीन कामं. कोंडलेला ओढा सोडव. गुदमरलेली जमीन मोकळी कर. तिसरं मग सांगेन."

"आपल्या नगरीत ओढा आहे?" राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने छताकडे पाहिलं.

"आहे," खिडकीतला खंड्या पक्षी म्हणाला. "माझा पणजा तिथे मासे धरी. चला."

ओढा बाजारपेठेखाली गाडलेला होता आणि त्याच्या बरोबर उरावर राणीच्या भावाची सराफी पेढी होती. राणीने अबोला धरला, मेहुण्याने छाती पिटली. राजाने डोळे मिटून पेढी हलवायला लावली. फरशी उचलताच ओढा आळस देत बाहेर आला आणि खळखळत राजवाड्याच्या भिंतीपर्यंत येऊन अडला.

दुसरं काम धूम्रनाथाच्या जिवावर आलं. राजाच्या पायाला चिखल लागू नये म्हणून त्यानेच मंत्राने सारी अंगणं, सारे रस्ते गुळगुळीत दगडाने मढवले होते. आता हातात पहार घेऊन तो एकेक दगड उपटू लागला. जमीन उघडी पडली आणि गटागटा पाणी पिऊ लागली. पिता पिता तिने मोठ्ठी ढेकर दिली. प्रधान दचकून म्हणाला, "मी नव्हे, महाराज."

"आता तिसरं?" राजाने विचारलं.

"हा राजवाडा पाड," थोरली म्हणाली.

राजाने पुन्हा हात जोडले. "माते, टेकडीवर तळ्याला जागा देतो. हवी तेवढी."

"पाणी टेकडी चढतं का रे?"

राजा रुसून छतावर जाऊन बसला. तेवढ्यात आभाळ फुटलं. राजवाड्याला थडकलेलं पाणी वळसा घालून खालच्या आळीत घुसलं. आरडाओरडा ऐकून राजा होडीत बसला आणि तिकडे गेला. एका घराच्या कौलांवर जानकू कुंभारीण तान्ह्या लेकराला पोटाशी धरून बसली होती.

"महाराज, तुमच्या वाड्याला मजले किती?"

"सात."

"आमच्या घराला एकच होता. तो बुडाला."

राजाने होडी कौलांना लावली. त्याने मायलेकरांना होडीत घेतलं, राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर नेऊन उतरवलं आणि सारी आळी तिथे येईपर्यंत वल्हं सोडलं नाही.

पाऊस उघडला तसा राजवाडा उतरवायला सुरुवात झाली. पहिला दगड राजाने काढला. राणी अबोला सोडून म्हणाली, "सावकाश, पाठ धरेल." धूम्रनाथाला मंत्राची बंदी होती, त्यामुळे काम भराभर झालं. खालच्या आळीने मातीचा भराव उपसला. त्याच दगडांनी टेकडीवर आळीची नवी घरं उठली आणि शेजारी राजाच्या चार खोल्या. पुन्हा तळं झालं.

पुढच्या पावसाळ्यात धो धो पाऊस झाला. अंगणं पोटभर पाणी प्याली, उरलेलं ओढ्याने नेलं, ओढ्याचं तळ्याने घेतलं. एकही चूल विझली नाही. राजा काठावर गेला. सातही बहिणी पाण्यात केस विंचरत बसल्या होत्या.

"माते, सगळं ठीक?"

"ठीक आहे. पण राजा, तू आमच्या उंबरठ्यावर उभा आहेस."

राजाने खाली पाहिलं, "चुकलं," म्हणाला आणि चार पावलं मागे सरला.

तळं भरलं, नगर सुकलं, ज्याचं घर त्याला मिळालं. आता ऐकणाऱ्यांनीही आपापल्या घरी जावं.