शिळेवरचा 'शक्यतो'

सगुणाच्या मोऱ्या बैलाची मान सोलून निघाली होती आणि महाराजांच्या नव्या दिवाणखान्याचे दगड अजून ओढायचे होते. मुकादम त्याला पराणीच्या लोखंडी टोकाने टोचत होता. हुकूम नव्हता असं नाही. दर सणाला भूपाल महाराजांना दया येई, 'बैलांना टोचू नये' अशी दवंडी पिटली जाई आणि दगड कमी पडले की मागे घेतली जाई.

गाडीवानाची ही पोर थेट दरबारात गेली.

"महाराज, दवंडी नको. महाद्वाराच्या शिळेवर कोरा. तिथलं कुठल्याच राजाला पुसता येत नाही."

"म्हणूनच तिथं कुणाचंही काहीही कोरत नाही," महाराज म्हणाले. "ज्याला हक्क हवा, त्यानं स्वतः मागावा. पोळ्यापर्यंत बैलाला गाऱ्हाणं घालायला सांग. नाहीतर तो दगडाच्या गाडीलाच मरेल."

"मुक्या जनावराला माणसाची भाषा कुठली कळायला?" प्रधानजींनी री ओढली. दरबार खो खो हसला.

सगुणानं कुणबी, तेली, कुंभार अशा साऱ्यांची दारं गाठली. मुकादमावर राग नाही असं एकही घर तिला सापडलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावोगावचे बैल महाद्वारी आले. रिवाजाप्रमाणे महाराजांनी त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं आणि म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी एकही बैल आला नाही. सरकारी गोठासुद्धा रिकामा! पुरणपोळ्या निवत होत्या. तोरणाखाली सगुणा तेवढी उभी होती.

"बैल कुठायत? मी स्वतः आवतण दिलं होतं!"

"कुणाला दिलंत, महाराज? त्यांना माणसाची भाषा कळत नाही म्हणे. मग काल आपण कुणाशी बोलत होता?"

प्रधानजी पगडी सारखी करू लागले.

"आणि कळत असेल," सगुणा म्हणाली, "तर न येणं हेच त्यांचं गाऱ्हाणं. शिवेवर उभे आहेत सारे. त्यांचे धनी आणि सरकारी गाडीवानही तिथंच आहेत."

महाराजांनी पाथरवटाला बोलावलं. प्रधानजी त्यांच्या कानाशी लागले, "महाराज, एक 'शक्यतो' घालू. बैलाला शक्यतो टोचू नये, जखमी बैलाला शक्यतो जुंपू नये."

"घाला की," सगुणा म्हणाली. "खाली आणखी एक ओळ कोरा. बैल पोळ्याला शक्यतो येतील."

महाराज इतके हसले की हातातलं पूजेचं ताट कलंडलं. 'शक्यतो' गेला, बाकीचं कोरलं गेलं. सगुणाला सोन्याचं कडं मिळालं, मोऱ्याला सरकारी गोठ्यात जन्मभराची विश्रांती, आणि त्याला रोज वैरण घालायचं काम मुकादमाला.