डाकणीच्या डोहातला दाणा

सातपुड्याच्या एका घळीत डाकणीचा डोह आहे. भरदुपारीसुद्धा त्यात आभाळ दिसत नाही. पाहुण्यांना काठावर बसवून पाड्यावरचे म्हातारे दित्याबाबा सांगतात, की डाकीण हा शब्द या डोंगरात पूर्वी नव्हताच. तो नदीपलीकडून आला, एका भगताच्या तोंडून.

त्या वर्षी म्हणे पाड्यावर तापाची साथ होती. तीन पोरं गेली. बोलावलेल्या भगतानं धूप घातला आणि पाड्यात डाकीण आहे, तीच पोरं खाते म्हणाला. लोकांनी विचारलं, ती दिसते कशी?

"तुमच्या घरातल्या बाईसारखी."

मग ठरलं, की प्रत्येक बाईच्या नावानं जोंधळ्याचा एक दाणा घरच्या पुरुषानं डोहात सोडायचा. दाणा तरंगला तर काय आणि बुडाला तर काय, ते भगतानं सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

वेस्त्याला आईबाप नव्हते. थोरल्या बहिणीनं, झुगलीनं, त्याला वाढवलं होतं. तो घाबरला. बी पाण्यात टाकलं की पोकळ ते तरंगतं, भरलेलं बुडतं आणि बुडालेलंच पेरायचं, एवढं त्याला ठाऊक. घरोघर धान्याला कीड लागली होती. झुगलीनं मात्र मूठभर बियाणं राखेत घोळून सुक्या भोपळ्यात जपलं होतं. तिला न विचारता त्यानं त्यातला सगळ्यात टपोरा दाणा काढला.

सगळ्यांचे दाणे तरंगले. तो एकच बुडाला. वेस्त्या हसलासुद्धा, असं सांगतात. तेवढ्यात भगत म्हणाला, "पाणी आपल्या माणसाला आत घेतं. हीच ती."

लोकांनी दगड उचलले. झुगलीनं भावाकडं पाहिलं.

"भोपळ्यातला घेतलास होय रे?"

"चांगला म्हणून घेतला गं, बाय."

"मग भोपळा नीट झाकलास ना? कीड शिरेल."

एवढं बोलून ती आपल्या पायांनी पाण्यात उतरली. वेस्त्यानं मागोमाग उडी टाकली. लोकांनी त्याला ओढून काढलं, तेव्हा त्याच्या मुठीत नुसता चिखल होता. दाणा बियाण्याचा होता, चूक माझी होती, असं तो मरेपर्यंत सांगत फिरला म्हणे. ऐकायला कोणी थांबलं नाही. ताप पुढं महिनाभर राहिला.

आजही पाड्यात कोणी एखाद्या बाईला डाकीण म्हटलं, तर म्हातारी माणसं तिच्या भावाला बोलावतात. म्हणणाऱ्याला त्याच्यासमोर बसवून शब्दाचा अर्थ विचारतात. इथं अर्थ एकच धरतात: जिला वाचवायला गेलेल्या हातांनीच बुडवलं, ती. म्हणणारा मान खाली घालून निघून जातो. भाऊ मात्र आपल्या हातांकडं बघत बसून राहतो.